रस्त्याची बोली

लखनौ शहर ओलांडून पूर्वेकडे फैजाबादच्या, म्हणजे २०१८ पासून अयोध्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या दिशेने निघालेला रस्ता चिनहटपाशी पोहोचतो, तेव्हा तो नेमका कोणाचा आहे हे सांगणे कठीण होऊन बसते. इतिहासाच्या पुस्तकात चिनहटचे नाव येते ते ३० जून १८५७ च्या लढाईमुळे. सर हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा येथे पराभव झाला, ती माघारी फिरली आणि लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. पुढच्या काळात हे गाव झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाऊ लागले. १९९२ साली येथल्या देवा रस्त्यावर टेल्कोचा, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीचा, ट्रक आणि बसगाड्या बनवणारा कारखाना सुरू झाला आणि पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवडशी या गावाचे एक अनपेक्षित नाते जुळले. दरम्यान शहर वाढत वाढत गावापर्यंत आले, गाव शहरात विरघळले आणि रस्ता मात्र त्या दोघांचाही न राहता राष्ट्राचा झाला. पूर्वी २८ क्रमांकाचा असलेला हा महामार्ग आता २७ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे. त्याचे एक टोक पोरबंदरला आहे आणि दुसरे सिल्चरला.

साहजिकच या रस्त्यावर वाहनांच्या क्रमांकपट्ट्या वाचत कोणी उभे राहिले, तर देशाचा नकाशा त्याच्या डोळ्यांपुढून सरकत जातो. लखनौचा यूपी ३२ असतो, शेजारच्या बाराबंकीचा यूपी ४१ असतो. पंजाब, हरियाणा, बिहार, नागालँड यांचे ट्रक असतात. देवा शरीफच्या दर्ग्याला निघालेल्या जीपगाड्या असतात. ऊस भरलेली ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर असतात, प्रवाशांनी खच्चून भरलेल्या ई-रिक्षा असतात, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणाऱ्या सायकली असतात. अधूनमधून एमएच अशी अक्षरे मिरवणारी, अयोध्येच्या यात्रेला निघालेली बसही दिसते.

त्या बसमधल्या मराठी प्रवाशाचे मत चिनहट येण्यापूर्वीच बनलेले असते. समोरून, आपल्याच बाजूने, उलट दिशेने येणारी मोटारसायकल तो पाहतो. तिच्यावर तिघे असतात आणि तिघांच्याही डोक्यावर काही नसते. चौकात चारी दिशांनी एकदम पुढे घुसणारी वाहने पाहून तो शेजाऱ्याला म्हणतो, “या लोकांना नियम ठाऊकच नाहीत.” शेजारी मान डोलावतो. ‘पहले आप’ म्हणणाऱ्या शहरात चौकावर मात्र ‘पहिला मी’ चालते, असा विनोदही होतो. या मताला तो अनुभव मानतो. वस्तुतः ते त्याने घरूनच सोबत आणलेले असते. पुण्यातल्या दुचाकीस्वारांबद्दल मुंबईकराचे मत असेच असते आणि मुंबईकराच्या घाईबद्दल पुणेकराचे. दिल्लीकर हरियाणाकडे बोट दाखवतो, लखनौकर बाराबंकीच्या ट्रॅक्टरकडे. आपल्या गावाबाहेरच्या माणसाला गाडी चालवता येत नाही, या एका बाबतीत अखिल भारताचे एकमत असावे.

हे मत निव्वळ पूर्वग्रह म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण प्रांताप्रांतांत फरक आहेच. मात्र तो नेमका कशात आहे, हे पाहण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे मराठीत म्हणतात. रस्त्याची भाषाही तशीच बदलते. पुढे चाललेला ट्रक उजवा दिवा मिचकावतो. पुस्तकाप्रमाणे त्याचा अर्थ, ‘मी उजवीकडे वळतो आहे.’ अनेक महामार्गांवरच्या रूढीप्रमाणे त्याचा अर्थ, ‘पुढे मोकळे आहे, तू निघून जा.’ एकाच दिव्याचे हे दोन अर्थ परस्परांच्या थेट उलट आहेत आणि चुकीचा अर्थ घेणाऱ्याला तो दुरुस्त करण्यास दुसरी संधी मिळेलच असे नाही. समोरून येणाऱ्या वाहनाने प्रखर दिवा दोनदा लावला, तर इंग्लंडमधला चालक ‘तुम्ही आधी जा’ असे समजतो. भारतीय चालक ‘मी येतो आहे, थांब’ असे समजतो. भोंग्याचेही तेच. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली मनाई केली, कारण त्या शब्दांमुळे विनाकारण भोंगा वाजवण्यास उत्तेजन मिळते असे त्यांचे म्हणणे होते. परंतु आरसा मोडका आणि माल आरशाहून रुंद, अशा ट्रकच्या चालकाला मागच्या वाहनाची चाहूल भोंग्यानेच लागत असे. ते शब्द निमंत्रण म्हणून लिहिलेले होते आणि कित्येक वर्षे ते अक्षरशः पाळले गेले.

वाहनांची नावेसुद्धा सीमा ओलांडताना अर्थ बदलतात. महाराष्ट्रात टेम्पो म्हणजे माल वाहणारी गाडी. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने ते नाव घरोघरी पोहोचवले. लखनौत टेम्पो म्हणजे माणसे वाहणारी तीनचाकी. त्याच शहरातल्या स्कूटर्स इंडियाच्या कारखान्यात बनलेल्या ‘विक्रम’ने तिथे त्या शब्दाला तो अर्थ मिळवून दिला. मराठीत खलाशी म्हटले की समुद्र आठवतो. उत्तर प्रदेशात खलासी ट्रकवर असतो आणि डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थोपवतो. ज्याला कोल्हापूर-सांगलीकडे वडाप म्हणतात, ती माणसे कोंबून नेणारी गाडी चिनहटच्या नाक्यावरही उभी असते. फक्त तिला ते नाव नसते.

हे सारे कोणी कोणाला शिकवले? मोटार वाहनांचा कायदा देशभर एकच आहे. १९८८ साली संमत झालेला हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्यानुसार कोणत्याही राज्यात मिळालेला परवाना साऱ्या देशात चालतो. रस्त्याचे नियम त्याच वर्षी केंद्राने निश्चित केले; २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमावलीने घेतली. १९८९ च्या नियमांत असे स्पष्ट सांगितले होते की, चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी. म्हणजे ‘पहले आप’ कोणी कोणाला म्हणायचे, हे कायद्यानेच ठरवून दिले होते. पण रस्त्यावर जे शिकले जाते ते त्या पुस्तकातून आलेले नसते. ट्रकचालक उस्तादाच्या हाताखाली तयार होतो. आधी काही वर्षे गाडी धुणे, चाके तपासणे, चहा आणणे, रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणे. मग एखाद्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर काही वेळ चक्र हाती मिळते. उस्ताद ज्या प्रांतातला, त्या प्रांताच्या खुणा शिष्याच्या हाताला लागतात. संगीतात घराणी असतात, तशी ती येथेही आहेत.

याच लखनौत १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून मॅरिस कॉलेज उभे राहिले. घराण्याघराण्यांत कोंडून राहिलेल्या चिजा त्यांनी जमवल्या, स्वरलिपीत मांडल्या, त्यांची क्रमिक पुस्तके केली आणि गाणे शिकण्याचा एक सर्वांना खुला असा क्रम घालून दिला. वाहन चालवण्याच्या विद्येत क्रम नेमका उलटा झाला. पुस्तक सरकारने आधीच छापले, परीक्षाही ठरवली. पण पुस्तक आणि शिष्य यांची गाठ पडलीच नाही. महाराष्ट्रात परवान्याच्या चाचणीला ‘आठ काढणे’ म्हणतात. दुचाकी पाय न टेकवता आठच्या आकड्यात फिरवून दाखवली की चाचणी झाली. आठ काढता येणाऱ्याला तोल सांभाळता येतो, हे नक्की. पण समोर रस्ता ओलांडणारी म्हातारी दिसली तर काय करायचे, हे त्या आकड्यात कोठेच येत नाही.

पुष्कळांना तर तो आकडाही काढावा लागत नाही. दिल्लीत परवाना मिळवू पाहणाऱ्या ८२२ जणांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. परवाना हाती पडलेल्यांपैकी बहुतेकांनी कायद्याने सांगितलेली चाचणी दिलेलीच नव्हती. आणि अभ्यासकांनी त्यांची स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा निम्म्याहून अधिक जण गाडी चालवण्यास अपात्र ठरले. या प्रयोगातली आणखी एक गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. काही उमेदवारांना मुद्दाम शिकवणी देऊन गाडी नीट चालवायला शिकवले होते. त्यांनाही चाचणीत उत्तीर्ण होण्याची हमी मिळाली नाही. मध्यस्थ धरणाऱ्याचा मार्ग मात्र निर्धोक होता. चांगले शिकण्याचा उपयोग होत नाही, हे जिथे शिकणाऱ्याला कळते, तिथे तो दुसऱ्या वेळी शिकायला जात नाही. आणि हा प्रयोग चिनहटसारख्या शहराच्या कडेला झाला नव्हता, देशाच्या राजधानीत झाला होता.

शिक्षण आणि आचरण यांचा संबंधही वाटतो तितका सरळ नाही. व्यावसायिक वाहनाच्या चालकाने किमान आठवी इयत्ता उत्तीर्ण असावे, ही अट २०१९ मध्ये रद्द झाली, तेव्हा आता रस्ते अडाण्यांच्या हाती गेले अशी हळहळ व्यक्त झाली. पण पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरात हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने झाली. तिथल्या आंदोलकांना नियम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? कायद्याचे कलम पाठ असलेल्या माणसांनीच त्याविरुद्ध सभा घेतल्या. नियमाचे अज्ञान हा एक रोग आहे. नियम ठाऊक असून तो दुसऱ्यांसाठी आहे असे मानणे हा त्याहून जुना आणि अधिक सुशिक्षित रोग आहे.

प्रांताचा गुण चालकाच्या रक्तात असतो, या समजुतीची सर्वांत मोठी कसोटी मुंबईत पाहायला मिळते. त्या महानगरातल्या टॅक्सी आणि रिक्षा चालवणाऱ्यांत पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. जौनपूर, प्रतापगड, आझमगड, बस्ती, गोंडा ही नावे मुंबईकराने नकाशावर कधी पाहिली नसतील. पण टॅक्सीच्या मागच्या आसनावरून अनेकदा ऐकली असतील. हाच माणूस मुंबईत मीटर पाडतो आणि मीटरप्रमाणे पैसे घेतो. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षा न्यायची नसते, हे तो न सांगता पाळतो. दिव्यापाशी पट्ट्यामागे थांबतो. निदान आजूबाजूचे थांबतात तेवढा तरी थांबतो. लखनौत मीटरने चालणारी रिक्षा विरळाच. सुटीवर गावी आल्यावर हाच चालक भावाची मोटारसायकल घेऊन बाजाराला निघतो, तेव्हा हेल्मेट घालत नाही आणि जवळचा रस्ता म्हणून उलट बाजूने जातो.

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीने रोजगार बुडालेले मुंबई-ठाण्याचे कित्येक रिक्षाचालक बायकामुलांना मागच्या आसनावर बसवून आपापल्या रिक्षांतूनच उत्तर प्रदेश आणि बिहारकडे निघाले. शहरात दहा-वीस किलोमीटरांच्या फेऱ्यांसाठी घडवलेल्या त्या तीनचाकी वाहनांनी दीड हजार किलोमीटरांच्या आसपासची अंतरे कापली. लखनौमार्गे गोंडा-बस्तीकडे जाणाऱ्यांची वाट चिनहटवरूनच पुढे जाते. ज्यांना एरवी येथे ‘मुंबईवाले’ आणि तिथे ‘भैया’ म्हटले जाते, त्या माणसांच्या कौशल्याची याहून कठीण परीक्षा कोणत्या कार्यालयाने घेतली असती? तेव्हा माणूस तोच असतो. पण शेजारच्या गाडीतला माणूस काय करील याचा अंदाज मुंबईत एक असतो, चिनहटमध्ये दुसरा. चालक नियम पाळतो तो बव्हंशी इतरही पाळतील या विश्वासावर. तो विश्वास जिथे नसतो, तिथे एकट्याने नियम पाळणारा माणूस चौकात उभाच राहतो आणि मागचे भोंगे वाजवतात.

चिनहटला ही गोष्ट उत्तम ठाऊक असलेला एक वर्ग आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली नवी वाहने देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवणारे ते चालक. ज्या काळात पुष्कळशी वाहने नुसत्या सांगाड्याच्या रूपात कारखान्याबाहेर पडत, त्या काळी काच नाही, छप्पर नाही, दार नाही अशा सांगाड्यावर बसून, तोंडाला गमछा गुंडाळून ही माणसे थंडीवाऱ्यात शेकडो मैल जात. पुढे वाहने बदलली, पण काम तेच राहिले. अशा चालकाला एका प्रांताची खूण दुसऱ्या प्रांतात वापरून चालत नाही. बहुभाषी माणसासारखा तो सीमा ओलांडताच बोली बदलतो. कोठे भोंगा द्यायचा, कोठे तो अपमान समजला जातो, कोणत्या घाटात चढणाऱ्याला वाट देतात आणि कोठे देत नाहीत, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते त्याच्या हातापायांत असते आणि त्याच्याबरोबरच निवृत्त होते.

मग बसमधल्या त्या प्रवाशाचे म्हणणे आकड्यांनी तपासले तर काय दिसते? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी २२,५९५ उत्तर प्रदेशात, १५,२२४ महाराष्ट्रात आणि ४,३१७ केरळात. येथवर त्याचा समज खरा ठरतो. पण २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येशी हे आकडे ताडून पाहिले, तर लाखामागे मृत्यूचे प्रमाण उत्तर प्रदेशात सुमारे ११, केरळात सुमारे १३ आणि महाराष्ट्रात साडेतेरा येते. उत्तर प्रदेशात माणशी वाहने कमी, हे त्याचे एक कारण असेल. तरीही ‘आमच्याकडे शिस्त आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा क्रम सुखावणारा नाही. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. त्या वर्षी नोंदलेले अपघात उत्तर प्रदेशात ४१,७४६ होते आणि केरळात ४३,९१०, म्हणजे केरळात अधिक. मात्र दर शंभर अपघातांमागे उत्तर प्रदेशात ५४ माणसे मेली, महाराष्ट्रात जवळजवळ ४६, आणि केरळात १०. केरळचा चालक चुकत नाही, असे हे आकडे म्हणत नाहीत. तो चुकतो, पण त्याच्या चुकीने माणूस सहसा मरत नाही. तिथे वस्ती सलग आहे, त्यामुळे वेग कमी राहतो. इस्पितळ जवळ असते. आणि किरकोळ धडकेचीही पोलिसांत नोंद करण्याची सवय आहे, अशी त्याची कारणे सांगितली जातात. चिनहटजवळ दोन सायकली व एक ई-रिक्षा यांची टक्कर झाली, तर ती कोणत्या वहीत जाणार? जे वहीत जाते ते बहुधा मरणच असते.

म्हणजे प्रांताप्रांतांतला खरा फरक चुकीच्या संख्येपेक्षा चुकीच्या किमतीत आहे. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन, २०२१ साली त्यांचे निधन झाले, हीच गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. माणसांना उपदेश करून रस्ते सुरक्षित होत नाहीत. माणूस चुकणारच हे गृहीत धरून रस्ता बांधावा लागतो. १९९७ साली स्वीडनच्या संसदेने याच तत्त्वावर आपले रस्त्यांविषयीचे धोरण बांधले. भारतात मात्र देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत सुमारे २ टक्के असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर २०२२ सालच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के मृत्यू झाले. महामार्ग गावांच्या मधून जातो. गाव एका बाजूला राहते, शेत दुसऱ्या बाजूला. शाळा इकडे, बाजार तिकडे. दुभाजकातली वळायची जागा दूर असेल, तर ट्रॅक्टरवाला दर खेपेला तेवढे डिझेल जाळून वळसा घालीत नाही. तो उलट दिशेने येतो. बसमधल्या प्रवाशाला ते अज्ञान वाटते. प्रत्यक्षात तो एक हिशेब असतो, आणि तो हिशेब ट्रॅक्टरवाल्याच्या आधी रस्त्याची आखणी करणाऱ्याने करायला हवा होता. सातारा आणि नाशिककडच्या महामार्गांवर मराठी ट्रॅक्टरही तोच हिशेब करताना दिसतात.

बोलीभाषांचा अभिमान बाळगावा, त्या जपाव्यात, असे साहित्यात म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. वऱ्हाडी माणसाला मालवणी समजली नाही तर फार तर हसू होते. रस्त्याच्या बोलीला ही सवलत नाही. पोरबंदरची खूण आणि सिल्चरची खूण ताशी ८० किलोमीटर वेगाने चिनहटमध्ये समोरासमोर येतात, तेव्हा दुभाषी मिळत नाही. आणि या गैरसमजाची किंमत मोजणारा माणूस पुष्कळदा त्या संभाषणात सामीलही नसतो. २०२२ साली देशात मेलेल्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. त्यांनी कोणती चाचणी दिली नव्हती, आणि त्यांच्याकडून कोणी ती मागितलीही नव्हती.

पायी चालणाऱ्याजवळ दिवा नसतो, भोंगा नसतो. त्याच्याजवळ एकच खूण असते. डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेऊन रस्ता ओलांडू पाहणारी बाई मोकळा हात वर करते, तळवा येणाऱ्या गाड्यांकडे धरते आणि पाऊल टाकते. ही खूण चिनहटमध्ये दिसते, पंढरीच्या वाटेवर दिसते, मुंबईच्या उपनगरात दिसते. तिचा अर्थ कोणत्याही प्रांतातल्या चालकाला समजावून सांगावा लागत नाही. पुस्तक न उघडलेल्यालाही तो कळतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सुमारे १२ मीटरांत थांबू शकते, ८० च्या वेगाने येणाऱ्या मोटारीला ५० मीटरांहून अधिक लागतात, आणि भरलेल्या ट्रकला त्याहूनही जास्त. हात वर झालेला पाहिल्यावर चालकाला थांबावेसे वाटेल की नाही, हा प्रश्न प्रांताचा नाही. त्याला थांबता येईल की नाही, हे मात्र ती बाई घराबाहेर पडण्यापूर्वीच, रस्ता आखताना ठरलेले असते.